जुनी साडी, उसाचे मळे आणि ‘ही तर गोधडीच’ हा शेरा

वस्त्रकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे: “ताई, प्रबंधासाठी मी गयानात जन्मलेल्या सुचित्रा मट्टाई यांचं काम घेतलंय. त्या जुन्या साड्या विणून ओळख, पूर्वग्रह, कॅरिबियन संस्कृती असे विषय मांडतात, हे सगळीकडे वाचलं. पण कापडातून हे नेमकं होतं कसं, ते कुणी सांगत नाही. मी स्वतः आईच्या आणि आजीच्या साड्यांचं एक मोठं काम केलं, तर परीक्षक म्हणाले, ‘ही तर गोधडीच.’ मग फरक कशात आहे? आणि इतक्या जुन्या साड्या टिकवायच्या कशा?” सोबत कामाचे फोटोही पाठवले आहेत.

तुझा शेवटचा प्रश्न सोपा आहे, त्याकडे शेवटी येते. परीक्षकांचा शेरा मात्र मीही आयुष्यभर ऐकत आले आहे आणि अजूनही तो ऐकला की मला राग येतो. गोधडी शिवणाऱ्या बाईच्या हातात रंगांची आणि तोलाची जी समज असते, ती बऱ्याच चित्रकारांच्या हातात नसते. त्यामुळे ‘गोधडीच’ म्हटल्यावर लाजायचं काही कारण नाही. तरी त्या शेऱ्यामागे एक रास्त प्रश्न दडलेला असू शकतो: या साड्या इथे का आहेत? तो कुणी विचारला तर तुझ्याकडे उत्तर हवं.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. कापड जुनं आहे एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. ते कुणाचं होतं आणि तुझ्या हाताने त्याचं काय केलं, या दोन गोष्टींवर सगळं उभं राहतं. मट्टाईंचं काम समजून घ्यायचं तर याच दोन बाजूंनी बघावं लागेल.

आधी कुणाचं, ते बघू. गयाना दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे, पण इतिहास, भाषा, खाणंपिणं, क्रिकेट सगळं कॅरिबियन. कॅरिबियन देशांच्या संघटनेचं मुख्यालयही त्याच्याच राजधानीत, जॉर्जटाउनला आहे. तिथे साखर पिकवायला आधी डचांनी आणि मग ब्रिटिशांनी आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून नेली होती. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली, पण सुटलेल्यांना जुन्या मालकांकडेच राबायला लावणारी सक्तीची ‘उमेदवारी’ पुढे चालली, ती १ ऑगस्ट १८३८ ला संपली. मळेवाल्यांना मजुरी वाढवायची नव्हती. म्हणून ती संपायच्या आधीच, ५ मे १८३८ ला, ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ या जहाजांतून कलकत्त्याहून हिंदुस्थानी मजुरांची पहिली खेप तिथे उतरली होती. पाच-पाच वर्षांचे करार, अंगठा उठवलेला, करारात काय लिहिलंय ते अनेकांना वाचताही येत नव्हतं. १९१७ पर्यंत एकट्या ब्रिटिश गयानात सुमारे दोन लाख चाळीस हजार माणसं अशी गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली, भोजपुरी बोलणारी. बायका कमी जात, म्हणून सरकारने पुढे दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका असल्या पाहिजेत असा दंडक घातला. एकाच जहाजातून आलेल्यांनी एकमेकांना ‘जहाजी भाई’, ‘जहाजी बहन’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते नातं रक्ताच्या नात्याइतकं पाळलं गेलं.

आपल्याकडचा एक धागा इथे येतो, तो प्रबंधात जरूर घे. ही करारबद्ध मजुरी पूर्ण बंद करावी असा ठराव मार्च १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला होता. सरकारी मतांच्या जोरावर तो पाडला गेला, पण मजूरभरती थांबायला पुढे फक्त पाच वर्षं लागली.

मट्टाईंचे पूर्वज अशाच जहाजांतून गेलेले. त्यांचा जन्म १९७३ चा, जॉर्जटाउनचा. लहानपणीच कुटुंब कॅनडाला गेलं, पुढे त्या अमेरिकेत स्थायिक झाल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून चित्रकला आणि दक्षिण आशियाई कला, दोन्हींत पदव्युत्तर शिक्षण घेतलं. शिवण, भरतकाम, क्रोशा मात्र त्यांनी आज्यांकडून शिकला. पदवी आणि आजी, दोन्ही त्यांच्या कामात एकाच पातळीवर उभ्या असतात.

आता हाताने काय केलं, ते. २०१९ च्या शारजा बिएनालेमधलं, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनातलं, त्यांचं भिंतभर पसरलेलं साड्यांचं काम तू फोटोत पाहिलं असशील. घरातल्या, भारतातल्या आणि शारजातल्या बायकांनी नेसलेल्या साड्या एकत्र विणलेल्या आहेत. आपण जुन्या साडीचं काही करायला घेतलं की पहिला हात काठाकडे जातो. काठ वेगळा काढतो, पदर पसरून लावतो, बुट्टी मधोमध येईल असं बघतो. साडीची ओळख तिथेच आहे असं आपल्याला वाटतं. मट्टाई उलट करतात. साडीला पीळ देऊन, वेणीसारखी गुंफून, जाड दोर झाल्यासारखी वापरतात आणि विणीत घालतात. काठ आत वळतो. पदर कुठे संपला ते कळत नाही. कुठली साडी भारतातून आलेली, कुठली शारजातल्या कुणा बाईने कपाटातून काढून दिलेली, ते शोधू म्हटलं तर सापडत नाही. लांबून पाहिलं तर रंगांच्या लाटा. जवळ गेलं की मध्येच एका पिळातून जरीची एक तार चमकते, कुठे छापील फूल अर्धं दुमडलेलं दिसतं.

हे नुसतं सुंदर दिसावं म्हणून केलेलं असतं, तर मी तुला इतकं सांगितलं नसतं. बोटीवर चढताना मजुराच्या परवान्यावर काय नोंदलं जायचं? क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण. बोटीवर आणि मळ्यावर त्यातलं बरंच पुसलं गेलं. जाती मिसळल्या, नावं कारकुनाच्या कानाला आली तशी लिहिली गेली. काही हरवलं आणि काही नवं तयार झालं. विणीत काठ-पदर बुडतात आणि तरीही रंग राहतात, तेव्हा हाताने तीच गोष्ट घडवलेली असते. साड्या काचेच्या पेटीत घड्या घालून मांडल्या असत्या, तर हे बोलणं झालंच नसतं.

त्यांच्या पुढच्या कामांत याच विणीला घुंगरू लागतात, टिकल्या लागतात, झालरी लागतात. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या सॉक्रेटिस स्कल्प्चर पार्कमध्ये त्यांनी उघड्यावर, नदीकाठी, साड्यांनी विणलेले आकार उभे केले. क्वीन्समध्ये गयानी लोकांची मोठी वस्ती आहे, हे लक्षात ठेवलं तर ती जागा किती विचारपूर्वक निवडलेली आहे ते कळतं.

त्यांचं दुसऱ्या प्रकारचं काम पूर्वग्रहाला थेट हात घालतं आणि तुझ्या प्रबंधासाठी मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. युरोप-अमेरिकेत घरोघरी जाळीदार कापडावर लोकरीने भरलेली चित्रं असायची: मेंढ्या, बागा, झुल्यावरच्या गोऱ्या मुली, टोपीवाले सरदार. जुन्या सामानाच्या दुकानात ती स्वस्तात मिळतात. मट्टाई अशी भरलेली चित्रं घेतात आणि त्यावर पुन्हा भरतकाम करतात. गोऱ्या चेहऱ्यांच्या जागी सावळी त्वचा येते, बागेत सावळी बाई नायिका म्हणून उभी राहते. मूळ चित्र ज्या बाईने भरलं, तिचं नाव कुणालाच माहीत नाही. तिच्याही कामाला घरकामच समजलं गेलं. मट्टाई तिचे सगळे टाके उसवत नाहीत. तिच्या टाक्यांशेजारी आपले टाके घालतात. एका कापडावर दोन बायका बसतात, एक मळ्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्कृतीतली, दुसरी मळ्यावर राबलेल्यांची पणती. वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल म्युझियम ऑफ विमेन इन द आर्ट्स’ने २०२४-२५ मध्ये भरवलेल्या त्यांच्या प्रदर्शनात ही कामं जुन्या युरोपीय वस्तूंच्या जोडीने मांडली होती, ते याच कारणाने योग्य होतं.

एक सावधगिरी. मट्टाईंचं काम वाचून ‘कॅरिबियन म्हणजे साड्या’ असं लिहू नकोस. रोजच्या वापरात तिथल्या मजूर बायकांकडे ओढणी होती, आणि ‘ओऱ्हनी’ हा शब्द त्रिनिदादमध्ये आजही जिवंत आहे. आणि कॅरिबियन म्हणजे फक्त हिंदुस्थानी वंशाचे लोक नव्हेत. तिथे आफ्रिकी वंशाचे आणि हिंदुस्थानी वंशाचे लोक शेजारी राहतात, आणि त्यांच्यातला अविश्वास गयानाच्या राजकारणात अजूनही दिसतो. त्याचं मूळ मी वर सांगितलं तिथेच आहे: सुटलेल्या गुलामांना योग्य मजुरी द्यावी लागू नये म्हणून आपली माणसं नेली गेली. पूर्वग्रह फक्त गोऱ्यांचा होता असं लिहिलंस तर अर्धंच लिहिलंस.

म्हणून मट्टाईंच्या जोडीला सोन्या क्लार्क यांचं काम घे. जन्म वॉशिंग्टनचा, १९६७ चा, पण वडील त्रिनिदादचे आणि आई जमैकाची. जमैकातली आजी व्यवसायाने शिंपी होती, तिनेच सोन्याला सुईदोरा शिकवला. घरासमोर बेनिन देशाच्या राजदूतांचं कुटुंब राहायचं आणि त्या घरात या मुलीच्या वेण्या घातल्या जायच्या. केस हाच माणसाने हाताळलेला पहिला धागा, असं त्या मानतात, आणि त्यांचं सगळं काम या एका समजुतीतून उगवतं.

२००८ चं त्यांचं एक काम घे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केसांच्या तेला-मलमांच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या कृष्णवर्णीय उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर यांचं मोठं व्यक्तिचित्र, ३,८४० काळ्या, बारीक दातांच्या फण्यांचं. फण्यांचे काही दात तोडून टाकले आहेत. जिथे दात गेले तिथे मागची भिंत दिसते, आणि उजेड-सावलीतून चेहरा तयार होतो. आता त्या फणीकडे नीट बघ. खिशात मावणारी, बारीक दातांची, कुठल्याही दुकानात मिळणारी. कुरळ्या, दाट केसांतून ती जात नाही, दात तुटतात. ती फणी बनवणाऱ्याने ‘केस’ म्हणजे सरळ केस असं गृहीत धरलेलं आहे. पूर्वग्रह म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट मी कुठे पाहिलेलं नाही. फण्या नव्याच आहेत, तरी वस्तू कशी निवडावी याचा हा धडा आहे.

२०१५ पासून क्लार्क यांनी एक काम लोकांसमोर बसून केलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचा ध्वज भिंतीवर लावलेला. प्रेक्षकांपैकी एकेकाने पुढे यायचं, त्यांच्या शेजारी उभं राहायचं आणि दोघांनी मिळून तो उसवायचा. कात्री नाही. बोटांनी एकेक आडवा धागा सोडवायचा. तू कधी घट्ट विणीचं सुती कापड धाग्या-धाग्याने उसवून पाहिलंस का? जरूर पाहा. नखं दुखतात, डोळे शिणतात, आणि इतका वेळ राबून झाल्यावर चार बोटं कापडसुद्धा सुटलेलं नसतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी तेवढ्या वेळात काहीतरी बोलावंच लागतं. वंशद्वेष असा सावकाश, दुसऱ्याच्या सोबतीने सुटतो, हे सांगायला त्यांना भिंतीवर पाटी लावावी लागली नाही. पूर्ण उसवलेल्या दुसऱ्या ध्वजाचे तीन ढीग त्यांनी शेजारी मांडले: लाल, पांढरा, निळा.

२०१९ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या ‘फॅब्रिक वर्कशॉप अँड म्युझियम’मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. ९ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्स इथे दक्षिणेच्या सैन्याने शरणागती पत्करताना जे पांढरं निशाण पुढे केलं, ते प्रत्यक्षात भांडी पुसायचं एक फडकं होतं. चौकटी-चौकटींची वीण, टोकाला लाल रेघा. लढाईचा ध्वज सगळ्या जगाला माहीत आहे, कपांवर छापलेला आणि घरांवर लावलेला दिसतो. युद्ध संपवणारं फडकं कुणाला ठाऊक नाही. क्लार्क यांनी त्याची वीण अभ्यासून तेच फडकं पंधरा फूट बाय तीस फूट आकाराचं विणवून घेतलं, आणि मूळ मापाच्या शंभर प्रतीही केल्या. कुठलं कापड लक्षात ठेवायचं, हे कुणीतरी ठरवत असतं, आणि ते पुन्हा ठरवता येतं.

हे सांगताना मला हैतीच्या मिर्लांद कोन्स्ताँ आठवतात. त्यांच्या कामात जुनं कापड फारसं नाही, पण तुला एक गोष्ट आवडेल. हैतीत वोदू या तिथल्या धर्माच्या पूजेतल्या ध्वजांवर टिकल्या लावायची परंपरा होती. कोन्स्ताँ पोर्तो-प्रँसमध्ये लग्नाचे पोशाख शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होत्या, तिथे त्या ताणलेल्या चौकटीवर आकड्याच्या सुईने मणी भरायला शिकल्या. तेच तंत्र त्यांनी ध्वजांवर आणलं. आपल्याकडे ब्लाऊजच्या बाह्यांवर होतं तेच हे आरी वर्क. फरक असा की त्या उलट्या बाजूने भरतात: चित्र मागे काढलेलं, मणी खालच्या अंगाला बसतात, काम उलटवल्याशिवाय पूर्ण चित्र दिसत नाही. कारखान्यात पोटासाठी शिकलेलं कौशल्य देवांच्या कामी आलं, आणि २०२२ मध्ये व्हेनिस बिएनालेपर्यंत गेलं.

कापडाचा इतिहास किती गुंतलेला असतो, त्याचं एक उदाहरण देते, कारण आपल्याकडे ते कुणी शिकवत नाही. कॅरिबियनमध्ये आपली माणसं पोचण्याच्या कितीतरी आधी आपलं कापड पोचलं होतं. मद्रासकडच्या हातमागांवर विणलेले चौकडीचे रुमाल युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत तिथे गेले. गुलाम आणि पुढे स्वतंत्र झालेल्या बायकांनी ते डोक्याला बांधले. त्या बांधण्याच्या तऱ्हा झाल्या. आज सेंट लुसिया, डोमिनिका, मार्टिनिक, ग्वादलूपमध्ये पारंपरिक पोशाखात ‘मद्रास’ असतंच, आणि जमैकात तेच कापड ‘बंडाना’ नावाने राष्ट्रीय पोशाखाचं कापड झालं. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पण पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घेताना मोबदला म्हणून जो माल दिला जायचा, त्यात हिंदुस्थानी सुती कापड मोठ्या प्रमाणात होतं. तेही प्रबंधात आलं पाहिजे. आपल्या मागावरचं कापड त्या सौद्यात चलन होतं.

आणि कुणी काय नेसावं यावर सत्तेचा कायम डोळा असतो. आजच्या हैतीच्या जागी असलेल्या फ्रेंच वसाहतीत १७७९ मध्ये नियम काढून मुक्त कृष्णवर्णीयांना गोऱ्यांसारखे उंची कपडे घालायला मनाई केली होती. हे वाचून लांबचं वाटत असेल, तर महाड आठव. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेबांनी बायकांसमोर भाषण करताना लुगडं नेसण्याची पद्धत बदला असं सांगितलं. दलित बायकांनी लुगडं गुडघ्याच्या वर नेसायचं, घोट्यापर्यंत नाही, ही जातीची खूण होती. दुसऱ्या दिवशी बायका घोट्यापर्यंत लुगडं नेसून आल्या. कापड तेच, लांबीही तीच. बदलली ती नेसण, आणि त्यासाठी किती धैर्य लागलं असेल याचा विचार कर.

हे मी मुद्दाम सांगते आहे. तू मट्टाईंचा अभ्यास कर, पण त्यांचा विषय उसना घेऊ नकोस. बोटीवर गेलेली आजी त्यांची आहे. तुझ्या आजीच्या साडीत काय आहे, ते तुला शोधावं लागेल. ती नऊवारी नेसायची आणि सहावारीवर कधी आली? कुणाच्या सांगण्यावरून? तिला कुठला रंग नेसायला बंदी होती? नवरा गेल्यावर तिच्या कपाटातून कुठले रंग नाहीसे झाले? आपल्या घरांतला पूर्वग्रह असाच कपाटात घडी घालून ठेवलेला असतो, आणि जुन्या साड्या घेऊन काम करणारी मुलगी त्याला हात न लावता पुढे जाऊच शकत नाही.

तुझे फोटो मी दोनदा नीट पाहिले. शिवण सुबक आहे, धावदोरा एकसारखा आहे. पण सगळे काठ बाहेरच्या बाजूला, सगळे पदर मध्यभागी, इरकल आणि नारायणपेठ एकमेकींना शोभतील अशा मांडलेल्या. प्रत्येक साडी आपल्या सगळ्यात चांगल्या रूपात आहे. खोचलेला भाग कुठे आहे? फॉलपाशी झिजलेली कड, आईने घातलेलं रफू, हळदीचा डाग, हे सगळं तू कापून टाकलंस. आणि आयुष्य तर तिथेच होतं. मी तुझ्या जागी असते तर हे काम भिंतीवर न लावता मधोमध टांगलं असतं, म्हणजे पाठ दिसेल, आणि पाठीला तो कापलेला भाग शिवला असता.

गोधडीची लाज वाटत असेल तर एकदा उत्तर कर्नाटकात जा. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज; त्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातल्या गुलामीतून पळून घाट चढून गेले. कोकणी, मराठी बोलणारे लोक त्यांच्यात आहेत. तिथल्या बायका जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात. चौकट नाही, आखणी नाही. कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने आत येत, तुकड्यावर तुकडा चढवत, शेवटी मधोमध पोचतात. मागे बहुतेक वेळा एक अख्खी जुनी साडी असते. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुलं’ लावल्याशिवाय कवंदी पूर्ण होत नाही. फुलांशिवाय ती उघडी वाटते, असं त्या मानतात. गुलामांच्या वंशजांनी टाकाऊ कापडातून आपली ओळख उभी करावी, याची इतकी जवळची परंपरा आपल्या शेजारी आहे. तुझ्या परीक्षकांना तिचीही ओळख करून दे.

आता साड्या टिकवण्याचं.

पहिल्यांदा धागा ओळख. काठाआडून एक धागा काढ आणि वातीसारखा जाळून बघ. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सुती. केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी काळी गोळी म्हणजे रेशीम. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. दुकानदाराच्या शब्दावर कधी विसंबू नकोस. मग रंग: पांढरा सुती बोळा ओला करून गडद रंगावर थोडा वेळ दाबून ठेव. बोळ्याला रंग लागला तर ती साडी फिकट साडीशेजारी धुवायची नाही, आणि दमट हवेत तिच्याशी खेटूनही ठेवायची नाही.

कुठला भाग मजबूत आहे ते उजेडासमोर धरून बघ. आत खोचलेलं टोक बहुतेक धडधाकट असतं. निऱ्यांचा खालचा भाग आणि बसण्याचा भाग विरलेला असतो. जुनं रेशीम वर्षानुवर्षांच्या घडीवर चिरतं, म्हणून ते कधी पिळायचं नाही. मट्टाईंसारखी पिळाची वीण करायची असेल तर सुती किंवा सिंथेटिक घे, आणि रेशीम मऊ सुती अस्तरावर टेकवून वापर. सुती साडी लांबीत फाडली तर सरळ पट्टी निघते. जॉर्जेट फाडू नकोस, ती ओढली जाते. धारदार कात्रीने काप आणि कड दुमडून घे.

धुण्यासाठी सुती साड्यांना कोमट पाणी आणि रिठा पुरतो, वाळवणं सावलीत. खळ पूर्ण गेली पाहिजे, कारण खळीवर किडे येतात. काळी पडलेली जरीची तार चिंच-लिंबाने घासायची नाही. उरलेला मुलामाही जातो. डांबराच्या गोळ्या कापडाला चिकटून ठेवू नकोस. कसर लागल्याची शंका असेल तर साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेव, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नकोस. संग्रहालयातही हेच करतात.

टांगताना खिळे किंवा चिमटे नकोत. मागच्या बाजूला वरच्या कडेला पूर्ण रुंदीची कापडी नळी शिव आणि त्यातून दांडा घाल, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडेल. खिडकीतलं ऊन टाळ. जुन्या कापडाला पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासचा मंद उजेड पुरे असतो, आणि हा आकडा प्रदर्शन भरवणाऱ्याला आधीच सांगून ठेव.

सगळ्यात महत्त्वाचं काम सुईदोऱ्याचं नाही, वहीचं आहे. प्रत्येक साडीपुढे लिही: कुणाची, अंदाजे कुठल्या सालातली, कुठे घेतली, कशाच्या निमित्ताने, आणि ती वापरायला कुणी हो म्हटलं. बोहारणीकडून घेतलेली असेल तर तसंच लिही, म्हणजे ती कुणी नेसली ते कुणालाच माहीत नाही, हेही नोंदलेलं राहील. भांड्यांच्या बदल्यात दिलेल्या साडीवर ‘आजीची आठवण’ असं लिहिलेलं मी प्रदर्शनांत पाहिलं आहे, ते मला पटत नाही. आणि बोहारणीच्या मेहनतीचा, तिच्या जातीमुळे दारातल्या दारात होणाऱ्या घासाघिशीचा विषय तर स्वतंत्र कामाच्या तोलाचा आहे. बघ, जमलं तर.

तुझ्या आईच्या साड्यांबद्दल तू तिला विचारलंस की नाही, ते पत्रात लिहिलेलं नाहीस. पुढची कात्री लावण्याआधी तिला समोर बसवून एकेक साडी दाखव आणि ती काय सांगते ते तिच्या शब्दांत लिहून घे. एखादी कापू नकोस म्हणाली, तर ती अख्खीच ठेवून कामात कशी घेता येईल ते बघ; कवंदीत मागच्या बाजूला ती तशी बसतेच.